सात रस्त्यावरची फ्रेंच शाळा

तक्रारदार: वामन भीमराव काटकर, धंदा अर्ज लिहिणे, बसण्याचे ठिकाण सात रस्ता, कडुनिंबाखालचे टेबल. जाब देणार: श्रीमती सुभद्रम्मा, राहणार साखर पेठ, धंदा विड्या वळणे व फ्रेंच सरकारच्या टपाली शाळेत शिकणे, वय पन्नाशीपुढचे, नेमके सांगण्यास सदरहू बाई अखेरपर्यंत राजी नव्हत्या. घटनेचा दिवस: गेला सोमवार, सकाळ. साक्षीदार पहिला: बाईंचा मुलगा नरसय्या, यंत्रमागावर कामाला. साक्षीदार दुसरे: टपालवाले माने. साक्षीदार तिसरे: माझे टेबल. ते मुके असल्यामुळे त्याची जबानी मीच देत आहे.

तक्रार अशी की, अक्का, तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. उत्तर देण्यास आठ दिवसांची मुदत दिलीत. मुदत चालू असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता, तुम्ही स्वतःच निघून गेलात. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकण्यापूर्वी उठून जावे, हे माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही कायद्यात बसत नाही. प्रश्न काय होता हे तुम्हाला ठाऊक आहे. इतरांच्या माहितीसाठी नमूद करतो: "रायटर, तुमचं नाव शाळेत घालू का?"

शिरस्त्याप्रमाणे येथे मयताचा जन्म, विवाह, अपत्ये यांचा तपशील यावा. तो नरसय्याने महानगरपालिकेत दिला असून त्याचा मसुदा मीच करून दिला आहे. त्यात एकही चूक नाही आणि त्यात तुम्ही कुठेही नाही. म्हणून हा दुसरा कागद.

दुष्काळी कामे बंद झाली त्या वर्षी तुम्ही प्रथम आलात. माझ्या बाकावरची गर्दी ओसरली होती. हातात लांबट पाकीट, बोटांना तंबाखूचा वास, आणि उभे राहण्याची रीत अशी की जणू टेबल तुमचे आणि मी भाडेकरू.

"रायटर, फ्रान्सला कागद पाठवायचाय. तसलं करता का तुमी?"

"बाई, माझे अर्ज दिल्लीपर्यंत गेलेत."

"दिल्ली नको हो. फ्रान्स."

मी अनुभवी माणूस. पाँडिचेरीकडच्या शिपायांच्या विधवांना फ्रेंच सरकार निवृत्तिवेतन देते हे मला माहीत होते. मी कोरा कागद ओढला आणि विचारले, "मयत यजमान कोणत्या पलटणीत होते?"

"गिरणीत होते. मला शाळेत नाव घालायचंय."

"नातवाचं?"

"माझं की."

अक्का, मी टाक खाली ठेवला, ही गोष्ट मी क्वचित करतो. मग तुम्ही बाकावर बसून सांगितलेत. गोदावरीच्या मुखाकडचे यानम हे तुमचे माहेर. भाषा तेलुगू, राज्य तेव्हा फ्रेंचांचे. वडील तिथल्या शाळेची घंटा वाजवणारे, म्हणून तुम्हाला वर्गात बसण्यास कुणी हटकले नाही. तुम्ही फ्रेंच शिकलात, पाढे फ्रेंचमध्ये म्हणू लागलात, आणि शाळा पुरी केल्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा तोंडावर आली असता सोलापूरचे स्थळ आले. परीक्षा राहिली. पुढे माग आले, विड्या आल्या, नरसय्या आला, यजमान गेले. आणि आता पाँडिचेरीच्या तुमच्या भावाने कळवले होते की फ्रेंच सरकार टपालाने शिकवते. दूर देशी राहणारी पोरे, अंथरुणाला खिळलेले, कुणीही असो, वयाची अट नाही. धडे पोस्टाने येतात, उत्तरे पोस्टाने जातात.

"राहून गेलंय ते," तुम्ही म्हणालात. "पुरं करायचंय."

वयाचे प्रतिज्ञापत्र हवे होते. मी विचारले, "वय काय लिहू?" तुम्ही म्हणालात, "शाळेत जाण्याएवढं लिवा." त्या एका रकान्यावर आपली दुपार गेली. शेवटी काय लिहिले ते मी उघड करणार नाही. तो माझ्या धंद्याचा नियम आहे.

घरी दोन खोल्या, त्यातल्या एकीत माग. मागाच्या खडखडाटात क्रियापद डोक्यात टिकत नाही, अशी तुमची अडचण. म्हणून वळलेल्या विड्यांचा दिवसाचा माल कारखान्यात पोचवला की दुपारी तुम्ही माझ्या टेबलाच्या अर्ध्या भागावर येऊन बसू लागलात. डावीकडे माझे सातबारे, उजवीकडे तुमची क्रियापदे. लोकांना वाटे मी बाई कारकून ठेवली. वळसंगचे एक म्हातारबुवा माझ्याऐवजी तुमच्यापुढे जाऊन बसलेले आठवते का?

"बाई, माझा बी अर्ज लिवा की."

"मला मराठी लिवता येत नाही, बाबा."

"मग हे काय लिवायलाय?"

"फ्रेंच."

म्हाताऱ्याने वाकून तुमचा कागद उलटसुलट पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आसं व्हय. मग तुमी लई मागं हाय म्हना की ह्यांच्या." तुम्ही तोंडाला पदर लावलात. मी त्याचा अर्ज विशेष कडक भाषेत लिहून दिला.

पहिला गृहपाठ पुरा झाला, तेव्हा तो पाकिटात घालण्याचे काम तुम्ही विश्वासाने माझ्याकडे दिलेत. माझ्या टेबलावरून कोणताही कागद उघडा जात नाही. मी त्याला वर डाव्या कोपऱ्यात कोर्ट फीचे तिकीट लावले, त्यावर आडवी रेघ ओढली, खाली तुमच्या नावापुढे "अर्जदार" असे घातले, आणि सोबत माझ्या इंग्रजीत एक पत्र जोडले, की गरीब अर्जदार आपल्या चरणी हा गृहपाठ सादर करीत असून आपण न्यायी सरकार आहात. तुम्हाला हे कळले तेव्हा टपाल मुंबईच्या पुढे गेले होते.

"अय्यो, रायटर! गृहपाठाला तिकीट कोण लावतं?"

"तिकिटाशिवाय दाखल कसा होणार?"

उत्तर आले. हे वाक्य मी सावकाश लिहितो आहे, अक्का, कारण माझ्या धंद्यात ते फार लिहावे लागत नाही. मी लिहिलेला अर्ज जातो आणि बहुधा जातोच. तो कुणी वाचला की नाही, कपाटात गेला की रद्दीत, ते कळायचा मार्ग नसतो. आणि येथे सातासमुद्रापलीकडची एक बाई, मादाम दुवाल, तुमच्या प्रत्येक ओळीखाली तांबड्या शाईने काही ना काही लिहून धाडत होती. एकही ओळ अनुत्तरित नाही! तिकिटाबद्दल समासात लिहिले होते, ते तुम्ही मला वाचून दाखवलेत: तिकीट फार सुरेख आहे, मी ते जपून ठेवले आहे, पुढच्या वेळी त्याची गरज नाही, विद्यार्थिनीचे अक्षर मला पुरते.

मी विचारले, "त्या सरकारला दुसरं काम नाही का?"

तुम्ही म्हणालात, "हेच काम हाय की त्यांचं."

गुण मात्र विसापैकी अकरा होते आणि खाली शेरा होता: याहून चांगले करता येईल. माझ्या मते तो सरळसरळ ताशेरा होता. तुम्ही उलट खूश. "म्हणजे त्या बाईला आशा हाय," असे तुमचे म्हणणे. मी त्याच दिवशी अपील तयार केले. कारणे तीन दिली: अर्जदार विधवा व वयस्क आहे, लेखन झाडाखाली, कावळ्यांच्या उपद्रवात झालेले आहे, आणि तिसरे असे की तुमचे एक वाक्य मादामनी चूक धरले होते, ते तुमच्या जुन्या शाळेतल्या पुस्तकात तसेच छापलेले होते. तुम्ही हसत हसत त्याचे फ्रेंच केलेत. मला वाटले होते, पाठवणार नाही. पाठवलेत.

महिना उलटून गेल्यावर एक अख्खे पान आले. कारणवार निकाल! पहिले कारण फेटाळले: व्याकरणाला वय नसते. दुसऱ्याबद्दल मादामना सहानुभूती वाटली, तथापि कावळ्यांमुळे क्रियापदाचा काळ बदलत नाही. तिसरे कारण मान्य. चूक परीक्षकाची. अर्धा गुण वाढवून मिळाला.

मी माझ्या आयुष्यात मोठ्या जमिनींचे अर्ज लिहिले आहेत. पण त्या अर्ध्या गुणाचा आनंद मी लपवू शकलो नाही. समोरच्या हॉटेलातून सगळ्या बाकाला चहा सांगितला. कोर्टातले एक वकील चालले होते, त्यांना थांबवून म्हटले, "परदेशात अपील अंशतः मंजूर झालं." ते म्हणाले, "कोणत्या कोर्टात?" मी म्हटले, "शाळेत." ते चहा न घेता गेले. तुम्ही मात्र घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. ती आपण माने टपालवाल्यांसह खाल्ली. माने म्हणाले, "आक्का, आता तुमचं पाकीट आलं की मी सायकल जोरात मारतो बघा. मलाच राहवत न्हाय."

यानंतर आपला वाद सुरू झाला, जो अद्याप निकाली निघालेला नाही. मादामचा विषय आला: पहिला बर्फ पडतो त्या सकाळचे वर्णन करा. मी सल्ला दिला, अर्जदारास बर्फाचा अनुभव नसल्याने सूट मिळावी अशी विनंती करा. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत आणि विड्या वळताना सूप घेता तशी फळी मांडीवर घेऊन लिहीत बसलात. नंतर मराठीत करून सांगितलेत. यजमान गिरणीतून घरी येत, तेव्हा त्यांच्या केसांवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचे तंतू बसलेले असत. नवी नवरी असताना पहिल्या दिवशी तुम्हाला वाटले, म्हातारा नवरा दिला. मग त्यांनी दारात उभे राहून डोके झटकले आणि आतून काळे केस निघाले. तुम्ही इतक्या हसलात की सासूने विचारले, सुनेला काय झाले.

मी ऐकून घेतले आणि म्हणालो, "छान आहे. मागणी कुठाय?"

"कसली मागणी?"

"शेवटी काय मागितलंय? भरपाई? गिरणीवर ठपका?"

"काय न्हाय मागितलं. सांगितलं फक्त."

"अक्का, मागणी नसलेला कागद अपुरा असतो."

"तुमचा असतो. माझा पुरा झाला."

मी अजूनही असे मानतो की ज्या लेखनाच्या शेवटी विनंती नाही, ते वाचणाऱ्याने काय करावे हे त्याला कळत नाही. मादामनी सोळा गुण दिले आणि लिहिले की हे वाचल्यावर मी खिडकीतून बाहेर पाहिले. तुम्ही तो कागद माझ्यापुढे धरून म्हणालात, "बघा, कळलं त्यांना काय करायचं ते." मी आलेल्या गिऱ्हाइकाचा कागद पुढे ओढला. गिऱ्हाईक नसते तर जुनाच एखादा ओढला असता.

परीक्षा पाँडिचेरीला होती. तिकडे जाण्याला नरसय्या आडवा आला. माणूस सज्जन, आईवर जीव, म्हणूनच आडवा आला. मी तुमच्या वतीने त्याच्या नावे रीतसर अर्ज लिहिला, तो त्याने मागावर उभा असताना वाचला आणि तडक सात रस्त्यावर आला.

"काका, हे काय लावलंय? घरातल्या घरात अर्ज?"

"तोंडी सांगून तू ऐकत नाहीस, अशी तक्रार आहे."

"आवो, आमी नाही म्हंतो ते लोकं हसतेत म्हणून न्हवं. नापास झाली तर ही तोंड पाडून बसंल. बा गेल्यावर कशी बसली हुती, तुमी बघितलं न्हाय. मी बघितलंय."

तुम्ही बाकाच्या टोकाला बसून क्रियापदे म्हणत होतात. तिथूनच, वर न बघता म्हणालात, "नापास झाले तर अपील हाय की. वकील बसलाय हितं."

नरसय्या हसला. आई हसवून जिंकते हे त्याला लहानपणापासून ठाऊक असावे. तोच तुम्हाला घेऊन गेला. परीक्षेच्या खोलीत तुम्ही पाऊल टाकताच सारी पोरे उभी राहिली, त्यांना वाटले परीक्षक बाई आल्या. तुम्ही फ्रेंचमध्ये म्हणालात, "बसा बाळांनो, मला पण तुमच्यासारखीच भीती वाटायलीय." फाटकाबाहेर नरसय्या लिंबाचे सरबत घेऊन उभा, आणि शेजारी उभ्या असलेल्या आया त्याला विचारत होत्या, तुमचे कोण आत आहे? "आई," तो म्हणाला. ही हकीकत त्याने मला स्वतः सांगितली, आणि सांगताना त्याची छाती माझ्या टेबलाएवढी रुंद झाली होती.

तुमच्या भावाची तार माझ्या पत्त्यावर आली, कारण दुपारी तुम्ही माझ्याकडेच सापडता हे त्यालाही माहीत. तार वाटण्याचे काम मान्यांचे नव्हते, पण त्यांनी ती तारवाल्याकडून मागून घेतली, फोडली असावी, कारण चौकाच्या पलीकडूनच ते ओरडले, "आक्का पास!" रस्ता ओलांडायलाही ते थांबले नाहीत. एका एसटीने करकचून ब्रेक लावला, ड्रायव्हरने त्यांना शिव्या दिल्या, मान्यांनी त्यालाही सांगितले, "आवो, आक्का पास झाली!" ड्रायव्हर काय समजला देव जाणे, त्याने लांब भोंगा वाजवला. तुम्ही उभ्या राहिलात, बसलात, पुन्हा उभ्या राहिलात. मग मला म्हणालात, "यानमला घंटा वाजली असती आता."

कोणाही शहाण्या माणसाने इथे थांबून पेढे वाटले असते. तुम्ही पुढल्या वर्गाची पुस्तके मागवलीत. आणि ती आली त्या पाकिटातून, फ्रेंच अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्यासाठीचा एक कोरा फॉर्म काढून माझ्या सातबाऱ्यांवर ठेवलात.

"हे कुणाचं?"

"तुमचं. रायटर, तुमचं नाव शाळेत घालू का? दुसऱ्याचं किती दिवस लिहाल?"

मी सांगितले की मला शिक्षणाची आवश्यकता नाही. हाकिमांनी माझ्या मसुद्याची तारीफ केलेली आहे. तुम्ही फॉर्मवर माझा टाक आणून ठेवलात. वाद घातला असतात तर मी निभावलो असतो. मग जे सात रस्त्यावर कुणालाच माहीत नाही ते मी तुम्हाला सांगितले. माझी शाळा सातवीच्या परीक्षेच्या आधी सुटली, वडील आजारी पडले म्हणून. टेबलामागे टांगलेल्या माझ्या नावाच्या पाटीवर ज्या शिक्षणाचा उल्लेख आहे, तो पाटी रंगवणाऱ्याने आपल्या मनाने केला आणि मी हरकत घेतली नाही.

तुम्हाला आश्चर्य वाटले नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुमचं पण राहूनच गेलंय की." आणि इतक्या आनंदाने म्हणालात, जसे गावाकडचे कुणी परक्या स्टेशनात भेटावे.

"विचाराधीन ठेवतो," मी म्हणालो.

"सरकारसारखं बोलू नका. आठ दिवस देते. हो किंवा न्हाय, उत्तर द्यायचं."

सोमवारी नरसय्या आला. गिऱ्हाईक उभे राहते त्या बाजूला उभा राहिला. म्हणाला, "काका, अम्मा गेली. झोपेतच." नंतर जे कागद करावे लागतात ते मी केले. मजकूर सुवाच्य आहे. दोन ओळी तिरप्या गेल्या आहेत. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

निघताना तो म्हणाला, "त्या फ्रान्सच्या बाईला तुमीच कळवा. अम्मा म्हणायची, बाई लिहिते मला, पण गप्पा मारते रायटरशी." हे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत. मीही तुम्हाला कधी सांगितले नाही की मान्यांची सायकल दिसली की माझेच हात आधी पुढे होत, आणि पाकीट तुमचे आहे हे आठवून मी ते मागे घेत असे. तुमच्या बाजूचे अर्धे टेबल मोकळे आहे. गिऱ्हाइके तिथे पिशव्या ठेवतात, मी उचलायला लावतो.

मादामना पत्र लिहिले. इंग्रजीत, साध्या शब्दांत. सुभद्रम्मा गेल्या, पुढल्या वर्गाचा पहिला गृहपाठ अर्धा झाला होता, तो आहे तसा सोबत आहे. लिहून झाल्यावर खाली मागणी घालण्यासाठी बराच वेळ टाक धरून बसलो. सुचली नाही. तसेच पाठवले. यावरून मी तुमचे म्हणणे मान्य केले असा अर्थ कृपया काढू नये. ती एक वेळची सवलत आहे आणि वाद कायम आहे.

आता मूळ प्रकरण. तुमची मुदत काल पुरी झाली, आणि मुदतीत उत्तर देणे हे माझे कर्तव्य होते. काल दुपारी मी तो फॉर्म भरला; रकान्यांचे अर्थ तुम्ही देतानाच सांगितले होते. नाव: वामन भीमराव काटकर. वय: खरे. शिक्षण: सातवीपर्यंत, परीक्षा न देता. हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिले तेव्हा आजूबाजूला कुणी पाहते आहे का ते बघितले. मग मोठ्या अक्षरात पुन्हा गिरवले. एक रकाना मात्र अडला. विद्यार्थ्याच्या अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीचे नाव तिथे लिहायचे असते. तिथे मी तुमचे नाव लिहिले आहे, आणि नात्याच्या जागी "शेजारी" असे घातले आहे.

सबब नम्र विनंती की, सदर रकान्यात आपले नाव राहण्यास आपली काही हरकत असल्यास ती लेखी, कारणांसह, सही करून सात रस्ता येथील टेबलावर कळवण्याची कृपा व्हावी. वाजवी मुदतीत आपल्याकडून काहीही न आल्यास आपली संमती आहे असे धरण्यात येईल, आणि कागद, तिकीट न लावता, पुढे रवाना होईल.

आपला,
वामन भीमराव काटकर
विद्यार्थी